वीस-वीस मिनिटांच्या सहा डुलक्या

पत्र :

ताई, मी परभणी जिल्ह्यातला, वय २४. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेची तयारी करतो. दोनदा पूर्व निघाली, मुख्य अडली. मला पहिल्यापासून रात्री एक-दीडशिवाय झोप येत नाही आणि सकाळी नऊच्या आत डोळा उघडत नाही. अभ्यासिकेतले एक सिनियर पहाटे चारला उठतात. त्यांचं बघून महिनाभर चारचा अलार्म लावला. उठायचो, ट्यूब लावायचो आणि तासाभरात पुस्तकावरच डोकं टेकायचो. मग एका व्हिडिओत पाहिलं की दर चार तासांनी वीस मिनिटं, अशा दिवसातून सहा डुलक्या घेतल्या की दोन तासांच्या झोपेत भागतं. तीन आठवडे कळ काढली की शरीराला सवय होते. मी नऊ दिवस केलं. सातव्या दिवशी स्वारगेटच्या सिग्नलला गाडीवर बसल्या बसल्या डोळा लागला, मागच्याने हॉर्न मारला तेव्हा कळलं. नवव्या दिवशी अलार्म कधी बंद केला आठवत नाही, सलग तेरा तास झोपलो. उठल्यावर रडू आलं. क्लासमधले सर म्हणतात, अर्जुनाला गुडाकेश म्हणायचे, झोप जिंकल्याशिवाय लक्ष्य दिसत नाही. रूम पार्टनर म्हणतो, जागं राहायची गोळी मिळते. घरी वडील एक आठवडाआड रात्रीच्या लाईटवर गव्हाला पाणी द्यायला जातात. ते दारं धरत असताना मी इथे झोपलेला असतो, याची लाज वाटते. शरीराची ही सवय मोडायची कशी? की माझ्यातच जिद्द कमी आहे? – जागल्या

उत्तर :

प्रिय जागल्या,

आधी गाडीची किल्ली रूम पार्टनरकडे दे. पुढचे दहा दिवस दुचाकीला हात लावायचा नाही. सिग्नलला उभ्या गाडीवर जे झालं ते चालत्या गाडीवर व्हायला काहीच वेगळं लागत नाही. अशी दोन-चार सेकंदांची झोप सांगून येत नाही, आणि बऱ्याचदा येऊन गेलेलीही कळत नाही. तुला कळलं ते मागच्याच्या हॉर्नमुळे. बाकीचं सगळं निवांत बोलू, पण हे आजच कर.

आता तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. जिद्द कमी नाही. दोन तासांच्या झोपेवर नऊ दिवस काढणाऱ्या मुलाला जिद्द कमी आहे असं मी कुणाला म्हणू देणार नाही. नवव्या दिवशी तेरा तास झोपलास तो पराभव नव्हता. शरीराने थकलेली बाकी वसूल केली, आणि ती केली म्हणूनच तू आज मला पत्र लिहू शकलास.

चूक झाली ती एकच, दोन वेगळ्या गोष्टी तू एकत्र केल्यास. झोपेची वेळ ही एक गोष्ट आणि झोपेचं माप ही दुसरी. वेळ सरकवता येते, हळूहळू आणि युक्तीने. माप मात्र कमी करता येत नाही. तू आधी वेळ एका रात्रीत पाच तास ओढायला गेलास, ते जमलं नाही म्हणून मापच कापलंस.

तुमच्या बांधावर चिंच असेल. संध्याकाळी ती पानं मिटते, सकाळी उघडते. आपल्याला वाटतं, ऊन गेलं म्हणून मिटली. १७२९ साली द मेरां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखं एक झाड अंधारात ठेवून पाहिलं. ऊन नाही, तरी पानं आपली ठरल्या वेळेला उघडत होती आणि मिटत होती. म्हणजे वेळ झाडाच्या आत होती. तशीच ती तुझ्या आत आहे. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर तांदळाच्या दाण्याहून लहान असे पेशींचे दोन पुंजके आहेत, सगळ्या मिळून वीसेक हजार पेशी. झोप, जाग, अंगाची ऊब, भूक, सगळ्यांचे ठोके तिथून पडतात. हे घड्याळ बहुतेक माणसांत चोवीस तासांहून काही मिनिटं जास्तीचं असतं. रोज सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की ते पुन्हा जुळतं. उजेड मिळाला नाही की रोज थोडं थोडं उशिराकडे घसरतं. सकाळी नऊपर्यंत खोलीत आणि पुढे रात्री बारापर्यंत अभ्यासिकेच्या ट्यूबखाली राहणाऱ्या पोराचं घड्याळ उशिराकडे जाणार नाही तर काय होणार?

त्यात तुझं वय. पौगंडावस्थेपासून हे घड्याळ उशिराकडे जायला लागतं, विशीच्या आसपास सर्वांत उशिरा पोचतं आणि मग वर्षागणिक परत लवकरकडे यायला लागतं. काही घरांमध्ये ते जनुकांतूनच उशिराचं असतं. ‘लवकर निजे, लवकर उठे’ ऐकत आपण सगळे मोठे झालो, म्हणून उशिरा उठणारा आळशी ही समजूत हाडात मुरलेली आहे. ती काढून टाक. आठ तास झोपून नऊला उठणारा आणि आठ तास झोपून पाचला उठणारा, दोघं सारखेच झोपलेले असतात.

घड्याळ हट्टाने वळतं का, हे माणसांनी करून पाहिलेलं आहे. १९३८ साली नॅथनिएल क्लाइटमन नावाचे शिकागोचे प्राध्यापक आपला विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन याला घेऊन अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या मॅमथ गुहेत उतरले. आत ना दिवस, ना रात्र, आणि बारा-तेरा अंशांची कायमची थंडी. दोघांनी २८ तासांचा दिवस ठरवला. हिशेब सोपा होता. २८ तासांचे सहा दिवस म्हणजे १६८ तास, आपला बरोबर एक आठवडा. नऊ तास बिछान्यात, बाकीचे जागं. असे ३२ दिवस ते आत राहिले आणि अंगाचं तापमान नोंदत गेले. रिचर्डसन विशीतला, त्याच्या शरीराने नव्या वेळापत्रकाशी बरंचसं जुळवून घेतलं. क्लाइटमन चाळिशी ओलांडलेले. त्यांचं तापमान शेवटपर्यंत बाहेरच्या जगाच्या २४ तासांनीच चढत-उतरत राहिलं. झोपायची वेळ यायची तेव्हा डोळे टक्क उघडे, आणि जागायची वेळ असायची तेव्हा अंग झोपेने जड. हा माणूस झोपेच्या विज्ञानाचा पाया घालणारा होता, इच्छाशक्ती अफाट होती, लक्ष विचलित करायला आसपास कुणी नव्हतं, ऊनसुद्धा नव्हतं. तरी घड्याळ ऐकेना. आपल्याकडे मदुराईच्या कामराज विद्यापीठात प्रा. एम. के. चंद्रशेखरन यांनीही घड्याळाविना, सूर्याविना राहायची अशी खोली उभारली होती. अशा कामातून एक गोष्ट पक्की झाली की शरीर आपल्या आज्ञेपेक्षा उजेडाचं जास्त ऐकतं.

आणि म्हणूनच चारचा अलार्म फसला. हे नीट समजून घे, कारण तुझ्या सिनियरांनाही बहुधा माहीत नसेल. रोजच्या उठायच्या वेळेआधी साधारण दोन तास अंगाचं तापमान सगळ्यांत खाली गेलेलं असतं. त्या वेळेनंतर डोळ्यांत गेलेला उजेड घड्याळ लवकरकडे आणतो. त्या वेळेआधी गेलेला उजेड ते उशिराकडे ढकलतो. तू नऊला उठणारा, म्हणजे तुझा तो तळ सातच्या सुमारास. पहाटे चारला तू ट्यूब लावून बसलास तेव्हा शरीराच्या हिशेबाने अजून रात्र मध्यावर होती. त्या उजेडाने तुला पहाटे उठणारा केलं नाही, उलट उशिराकडेच रेटलं. महिनाभर तू गाडी पुढे ढकलत होतास आणि हँडब्रेक तूच ओढलेला होतास. सिनियर दहाला झोपत असतील तर त्यांचा तळ दोन-अडीचला येऊन जातो, म्हणून चारचा उजेड त्यांना मानवतो. तुला त्यांच्या अलार्मची वेळ दिसली, त्यांच्या झोपायची दिसली नाही.

आता डुलक्यांबद्दल. रात्रीची झोप एकसारखी नसते. साधारण दीड-दीड तासाचे चार-पाच फेरे होतात. सुरुवातीच्या फेऱ्यांत गाढ झोप जास्त असते आणि शेवटच्या, पहाटेच्या फेऱ्यांत स्वप्नांची झोप जास्त. दिवसभर वाचलेली राज्यघटनेची कलमं पक्की बसायची तर या दोन्ही लागतात. वीस मिनिटांत एक फेराही पुरा होत नाही. शिवाय उपाशी शरीर डोळा लागताच थेट गाढ झोपेत उडी मारतं आणि अलार्म त्याला तिथून ओढून काढतो. तू लिहिलं नाहीस, पण डुलकीतून उठल्यावर आपण कुठे आहोत हे क्षणभर कळायचं नाही, हो ना? ते त्यामुळेच.

शरीराला सवय होते हा त्या व्हिडिओतला दावा सर्वांत घातक आहे. सवय होते ती झोप येत असल्याची जाणीव बोथट होण्याची. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४८ निरोगी माणसांचे गट केले होते. कुणाला रोज आठ तास झोपू दिलं, कुणाला सहा, कुणाला चार, असं सलग दोन आठवडे. चारवाल्यांची गत तर वाईट झालीच, पण सहा तास झोपणारेही दोन आठवड्यांनंतर लक्ष देण्याच्या चाचणीत रात्रभर न झोपलेल्या माणसासारखे चुकायला लागले. आणि त्यांना विचारलं की झोप येतेय का, तर म्हणायचे, थोडीशी. चुका रोज वाढत होत्या, झोप येत असल्याची जाणीव काही दिवसांतच तिथल्या तिथे थांबली होती. तुकड्यांतल्या झोपेवरचं सगळं संशोधन अमेरिकेतल्या नॅशनल स्लीप फाउंडेशनच्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये एकत्र तपासलं. या वेळापत्रकांचा फायदा दाखवणारा पुरावा त्यांना सापडला नाही, उलट ती करू नयेत असं त्यांनी लिहिलं.

मला हे वाचून पटावं लागलं नाही, ते अंगावर घेतलेलं आहे. मी सत्तावीस वर्षं परिचारिका होते, महिन्यातला एक आठवडा रात्रपाळी. एका पाळीच्या सहाव्या रात्री पहाटे चारच्या राऊंडला मी एका पेशंटचा ताप दुसऱ्याच्या केसपेपरवर लिहिला. सोबतच्या सिस्टरने वेळेत पाहिलं म्हणून निभावलं. ती म्हणाली, तू जरा पड. मी तिच्यावर चिडले, कारण मला झोप येतच नव्हती. अगदी टक्क जागी होते मी. ती रात्र आठवली की अजून पोटात गोळा येतो.

तुकड्यांत झोपणारे लोक आहेत. तान्ही मुलं तशी झोपतात, कारण त्यांचं आतलं घड्याळ अजून तयार व्हायचं असतं. एकट्याने जग ओलांडणारे दर्यावर्दी तसे झोपतात. २०१२ च्या नोव्हेंबरात मुंबईहून निघून गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून कमांडर अभिलाष टॉमी पाच महिने कुठेही न थांबता एकटे जगाला वळसा घालून आले. अशा सफरीत वारा, शीड आणि समोरून येणारी जहाजं यांच्यावर एकट्याला नजर ठेवायची असते, सलग झोप परवडतच नाही. पण किनाऱ्याला लागलेला खलाशी पहिल्यांदा काय करतो? पोटभर झोपतो. ती निकड असते, पद्धत नव्हे. तुझ्यासमोर समुद्र नाही. तुझा पेपर दिवसाउजेडी आहे, टेबलावर आहे, आणि आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून तीन-तीन तास सलग विचार करून लिहायचंय. त्याला ताजं डोकंच लागतं.

कमी झोपेत खरोखर भागणारी माणसंही असतात. २००९ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांना एका मायलेकीत त्यामागचा जनुकीय बदल सापडला. त्या दोघी आयुष्यभर सहा-सव्वासहा तासांत ताज्या होत्या. लक्षात घे, जगात बातमी झाली ती सहा-सव्वासहा तासांची, दोन तासांची नव्हे. असे लोक फार विरळ, आणि त्यांना तसं व्हावं लागत नाही, ते जन्मतःच तसे असतात. सुट्टीत अलार्मशिवाय तू किती झोपतोस ते तुझं माप.

सरांना माझा नमस्कार सांग. गुडाकेश म्हणजे निद्रा जिंकलेला, हे खरंच. पण त्याच गुडाकेशाला श्रीकृष्ण सहाव्या अध्यायात सांगतात की अति झोपणाऱ्याला योग साधत नाही आणि अति जागणाऱ्यालाही नाही. सरांनी पुढचं वाक्यही शिकवायला हवं होतं.

गोळीबद्दल थोडक्यात. जागं ठेवणारी ती गोळी झोपेच्या ठरावीक आजारांसाठी आहे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची असते. ती झोप फक्त लांबवते, तिची भरपाई करत नाही. मित्राच्या पाकिटातून घेऊ नकोस. मेलाटोनिनही कुणी सुचवेल. ते मेंदूला ‘रात्र झाली’ असं सांगणारं द्रव्य आहे, चुकीच्या वेळी घेतलं तर घड्याळ चुकीच्या बाजूला सरकतं. तेही डॉक्टरांशिवाय नको.

आता करायचं काय. पहिला आठवडा फक्त झोप. येईल तेव्हा झोप, रात्री सलग, जागं होशील तेव्हा ऊठ. अभ्यास बुडेल, बुडू दे, या स्थितीत वाचलेलं तसंही राहत नाही. आठवड्यानंतर तुझी उठायची खरी वेळ कळेल, समज पावणेनऊ. तिथून सुरुवात कर. उठल्यावर दहा मिनिटांत घराबाहेर पड. सारसबाग तुला चालत जवळ आहे. अर्धा तास उघड्या आभाळाखाली फिर, गॉगल नको. ढगाळ दिवसाचा उजेडसुद्धा खोलीतल्या ट्यूबच्या कितीतरी पट असतो. मग दर दोन दिवसांनी उठायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आण, तीनएक आठवड्यांत सहा-साडेसहाला येशील. झोपायची वेळ ओढू नकोस, ती मागोमाग आपोआप येते. एखाद्या रात्री झोप उशिरा लागली तरी सकाळची वेळ मोडायची नाही, रविवारीही नाही. रविवारी नऊपर्यंत लोळलास की सोमवारी घड्याळ परत उशिराकडे.

रात्रीचा उजेड तितकाच महत्त्वाचा. नऊनंतर अभ्यासिकेतून बाहेर पड. खोलीत टेबल-लॅम्पवर, खाली पडणाऱ्या पिवळ्या उजेडात उजळणी कर. फोन चार्जिंगला लाव, पण उशाला नाही, दाराजवळ. खोलीत चौघं असाल आणि बाकीचे दिवा ठेवत असतील तर डोळ्यांवर सुती पट्टी बांध. आणि चहा. पेठेत अमृततुल्य पावलापावलावर आहे हे मला माहीत आहे, पण चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात. रात्री दहाचा कटिंग पहाटे तीनला अर्धा तुझ्या रक्तात असतो. शेवटचा कप चारच्या आत.

डुलकीची मात्र मी शत्रू नाही. दुपारी एक ते तीनमध्ये अंगच जरा मंदावतं. मेसहून आल्यावर वीस मिनिटं वामकुक्षी जरूर घे. ती रात्रीच्या झोपेवर वाढलेली साय, तिच्या बदल्यात दिलेली नव्हे.

इतकं नेटाने महिना-दीड महिना करूनही घड्याळ हललं नाही, किंवा झोपेत जोरात घोरतोस, श्वास अडकतो असं पार्टनर म्हणाला, तर डॉक्टरांकडे जा. आणि ते रडू. जागरणाने मन हळवं होतं, चांगल्या झोपेनंतर ते बहुतेक ओसरेल. नाही ओसरलं, सगळं व्यर्थ वाटायला लागलं, तर १४४१६ वर टेलि-मानसला फोन कर. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असतो.

वडिलांचं शेवटी ठेवलं, कारण पत्रातली तीच ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली.

जागल्या, ते झोप जिंकायला जात नाहीत. त्यांना लाईट रात्री मिळते म्हणून जातात. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची, हे शरीराला सगळ्यांत जड जाणारं वेळापत्रक आहे. घड्याळ दिवसाला जेमतेम तासभर सरकतं, ते रात्रीला जुळायला लागतं तोवर आठवडा बदलतो. थंडीत, ओल्या सरीत, विंचू-काट्याच्या भयात बॅटरी घेऊन उभं राहणारा तो माणूस दुसऱ्या दिवशी कसा दिसतो हे तू पाहिलेलं आहेस. तू इथे जागलास म्हणून त्यांची एक रात्र कमी होत नाही. कमी होईल असं काही करता येतं, ते कर. रात्रीचा आठवडा असला की जायच्या आधी संध्याकाळी दीड तास पडायला सांग. सकाळी आल्यावर ओसरीवर नको, आतल्या अंधाऱ्या खोलीत, दाराला गोधडी टाकून झोपायला सांग. आईला सांग, दुपारपर्यंत कुणी हाक मारायची नाही. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. तुमच्या गावचा फीडर तिच्यात आलाय का, हे महावितरणच्या कार्यालयात विचार. नसेल तर मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेचा अर्ज आहे. सातबारा आणि आधार घेऊन तो ऑनलाईन भरायला वडिलांना एखादा दिवस मोडावा लागेल, तुझ्यासारख्याला तासभर पुरेल. पुढच्या सुट्टीत घरी गेलास की पहिलं ते काम.

सहा आठवड्यांनी पत्र लिही. किती तास अभ्यास झाला ते नको लिहूस. अलार्मच्या आधी जाग येते का, आणि वडिलांचा अर्ज भरला का, एवढं कळव.

तुझी,
ताई